गरम हवेच्या जाळीपाशी

आमच्या कामात एक नियम आहे. चाचणीला आलेल्या माणसाच्या मागून चालायचं आणि तोंड उघडायचं नाही. तो भलत्याच जिन्याने उतरायला लागला तरी नाही. आपण बनवलेलं अ‍ॅप त्याला वाट दाखवतं की नाही, हे बघायचं असतं. वाट आपणच दाखवली तर बघायचं काय उरलं? चालणाऱ्यालाही एक नियम असतो. मनात येईल ते त्याने मोठ्याने बोलायचं. 'इथे दोन जिने दिसतायत, कुठला घेऊ', 'हा बाण कळत नाही', 'पाय दुखले', काहीही. फोन ते सगळं टिपून घेतो आणि मग ऑफिसात आम्ही बसून ते ऐकतो.

सासूबाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी बडबडायचं आणि तुम्ही गुपचूप ऐकून घ्यायचं. त्याला अ‍ॅप कशाला हवं, जावईबापू? घरोघरी तेच चाललंय."

आमचं ऑफिस लहान आहे. स्टेशनात लोकांनी वाट चुकू नये म्हणून आम्ही अ‍ॅप बनवतो. मुख्य काम जमिनीखालच्या मोठ्या जंक्शनचं. तिथे तीन मार्ग एकावर एक आहेत, बाहेर पडायला इतकी दारं आहेत की रोजची माणसंही कधीतरी भलतीकडे निघतात. जमिनीखाली फोनला आपण कुठे आहोत ते कळत नाही. म्हणून खांबाखांबावर आम्ही लहान पांढऱ्या डब्या चिकटवल्या आहेत. दिसायला अंगाच्या साबणासारख्या, म्हणून त्यांना आम्ही साबणच म्हणतो. जवळचा साबण कुठला ते फोन ओळखतो आणि त्यावरून माणूस कुठे उभा आहे ते त्याला समजतं.

अ‍ॅप जे बोलतं ती वाक्यं मी लिहितो. 'डावीकडे वळा.' 'सरकत्या जिन्याने वर या.' आधी मी स्टेशनातल्या पाट्यांचा मजकूर लिहायचो. मला कामावर घेताना आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे शब्द कमी आहेत, म्हणून तुम्ही हवेत." बायकोला हे घरी येऊन सांगितलं तेव्हा ती खूप हसली. म्हणाली, "मी इतकी वर्षं फुकट तक्रार करत होते म्हणायचं."

ती गेल्या हिवाळ्यात गेली. आजाराबद्दल लिहीत नाही. आम्हाला मूलबाळ नाही.

सासूबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहतात. दर गुरुवारी त्या आमच्याकडे येतात, ही फार जुनी रीत. मधे जंक्शनला गाडी बदलावी लागते. गुरुवारी बायको ऑफिसातून लवकर निघायची, जंक्शनमध्येच आईला गाठायची आणि दोघी मिळून घरी यायच्या. ती गेल्यावर गुरुवार बंद पडतील असं मला वाटलं होतं. पण पहिल्याच गुरुवारी त्यांचा फोन आला. "मी येणार आहे. तुम्ही घरी असाल का?"

तेव्हापासून कधी मी त्यांना आणायला जायचो, कधी त्या शेजारच्या बाईंना सोबत घेऊन यायच्या. आल्या की स्वयंपाकघरात शिरायच्या, डबे जागच्या जागी लावायच्या. मी भांडी घासत असलो तर मागे उभ्या राहून म्हणायच्या, "घासताय की त्यांना आंघोळ घालताय? ठकू तुमच्या आधी जेवून, घासून, झोपून उठली असती." बायकोला त्या ठकू म्हणायच्या. बाकी सगळे तिला तिच्या नावाने हाक मारत, मीसुद्धा. आता ठकू हा शब्द या घरात फक्त गुरुवारी ऐकू येतो.

मग वसंतात ते झालं. शेजारच्या बाईंना बरं नव्हतं आणि सासूबाई मला न कळवता एकट्याच निघाल्या. जंक्शनमध्ये त्यांना खूप वेळ एका जागी उभं असलेलं एका पहारेकऱ्याने पाहिलं, कुठे जायचंय म्हणून विचारलं. त्यांनी धड उत्तर दिलं नाही. त्याने त्यांना आपल्या खोलीत नेऊन बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्या फोनमधून मुलाला फोन लावला. मुलगा, म्हणजे माझा मेहुणा, दुसऱ्या गावी राहतो. त्याने मला फोन केला आणि मी धावत जाऊन त्यांना घेऊन आलो. वाटेत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात मेहुण्याचा पुन्हा फोन आला. "भावोजी, आईला मी इकडे आणतोय. खोली रंगवून घेतली आहे."

"त्या काय म्हणतात?"

"ती काय म्हणणार? म्हणाली, बघू. तिच्या 'बघू'चा अर्थ तुम्हाला माहीत आहे."

"'नाही' असा आहे."

"हो, 'नाही'च. पण ती अशी हरवायला लागली तर मी इथे बसून काय करू? ताई होती तोवर निर्धास्त होतो."

तो वाईट माणूस नाही. त्याच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. पण तो त्यांना घेऊन गेला की गुरुवार संपले, हे मला त्या क्षणी दिसलं. मग त्या वर्षातून एकदा येतील, सणासमारंभाला याव्यात तशा, आणि मी त्यांच्याशी हवापाण्याबद्दल बोलेन.

मी म्हणालो, "आमचं अ‍ॅप तयार होत आलंय. त्या एकट्या घरापासून माझ्यापर्यंत आल्या तर?"

त्याने ते कसं चालतं ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "एकदा येऊन दाखवू दे. पण मी स्वतः बघेन. तुमच्या सांगण्यावर नको."

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं, सासूबाईंना चाचणीला आणू का. त्यांनी मान हलवली. "घरचं माणूस नको. तुम्ही मधे बोलाल."

"शब्द कमी आहेत माझ्याकडे."

"ते लिहिताना," त्या म्हणाल्या. पण परवानगी दिली. या वयाचं कोणी चाचणीला मिळत नव्हतं, हेही खरं.

सासूबाई ठरल्या वेळी आल्या. ठेवणीतली साडी नेसून, केस घट्ट बांधून, परीक्षेला आल्यासारख्या. काठोकाठ भरलेली वाटी धरावी तसा त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला. अ‍ॅपचं बोलणं मलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला होता. मी थोडा मागे राहिलो.

"आता मी बोलते आहे," त्यांनी सुरुवात केली. "ऐकू जातंय ना हो? अरे हो, तुम्हाला बोलायचं नाही. बरं आहे. हं, गाडीतून उतरले. माणसं सगळी एकीकडेच पळतायत. पळू द्या. हा म्हणतोय सरळ चला. चालते."

सरकत्या जिन्यापाशी त्या थबकल्या. "हा आपोआप चालणारा मला नको." अ‍ॅपमध्ये आधीच लिफ्टची वाट निवडून ठेवली होती, त्यामुळे ते म्हणालं, 'पुढे चला. उजव्या हाताला लिफ्ट आहे.' त्या म्हणाल्या, "शहाणा आहे. माझ्या गुडघ्यांचं याला कोणी सांगितलं?" मला हसू आलं. मी ते दाबलं.

लिफ्टमधून आम्ही मधल्या मजल्यावर आलो. इथून डावीकडे वळलं की पुढची गाडी. अ‍ॅप म्हणालं, 'डावीकडे वळा.'

"डावीकडे म्हणतोय," त्या म्हणाल्या. जरा उभ्या राहिल्या. मग उजवीकडे वळल्या.

चुकून नव्हे. डावीकडे एकदा नीट बघितलं, तिथली पाटी वाचली आणि उजवीकडे वळल्या.

'तुम्ही मार्ग सोडला आहे. मागे फिरा.'

"सोडला नाही रे बाबा. आले जरा."

मी मागून चाललो. उजवीकडचा बोगदा लांब आहे. तो ऑफिसांच्या बाजूच्या दाराकडे जातो, दुपारी तिथे फारसं कोणी नसतं. साबण चिकटवायला मी तिथे कितीदा गेलो होतो. बोगद्याच्या टोकाशी भिंतीत, कमरेच्या उंचीवर, लोखंडी जाळी आहे. खालच्या यंत्रांची गरम हवा तिच्यातून बाहेर येते. आमच्या नकाशात ती नाही. वाट दाखवायला तिचा काही उपयोग नाही म्हणून आम्ही तिची नोंद केली नव्हती.

सासूबाई जाळीपाशी गेल्या, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि एक हात मागे जाळीवर ठेवला.

"ठकू, आले गं," त्या म्हणाल्या.

मी जिथे होतो तिथेच थांबलो.

"आज तुझ्या नवऱ्याचं यंत्र घेऊन आले आहे. तो मागे उभा आहे. त्याला बोलायची बंदी आहे. तुझ्या राज्यात होती तशीच." त्या थोडं हसल्या. "मला म्हणाला, मनात येईल ते बोला. माझ्या मनात दुसरं काय येणार इथे?"

'तुम्ही मार्ग सोडला आहे. मागे फिरा.'

"बघ कसा बोलतो. तुझे हात अजून गार असतात का गं? शाळेतून आलीस की माझ्या मानेला लावायचीस. मी ओरडायची. एवढं काय ओरडायचं असतं. मोठेपणी इथे उभी राहून हात शेकायचीस, मला बघितलंस की म्हणायचीस, आई, घे, आज गरम आहेत."

'तुम्ही मार्ग सोडला आहे. मागे फिरा.'

"त्या दिवशी सगळे म्हणाले, म्हातारी हरवली. हरवले नव्हते. तुझी यायची वेळ होती तेवढं थांबले. मग म्हटलं, आणखी थोडं थांबू. तेवढ्यात तो पहारेकरी आला. त्याला काय सांगू? चांगला होता बिचारा. पाणी दिलं त्याने."

लोक येत होते, जात होते. एका बाईने वळून त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही.

"तुझा नवरा जेवतो. भाजी करायला शिकलाय, मीठ कमी पडतं. घर स्वच्छ ठेवतो. तुझ्या चपला अजून दाराशीच आहेत. मी काही बोलले नाही. बोलायचं का? नको. राहू देत."

'तुम्ही मार्ग सोडला आहे. मागे फिरा.'

ते वाक्य मी लिहिलं होतं. शब्द मोजून, कुठेही अडखळायला होणार नाही असं. लिहिलं तेव्हा चांगलं वाटलं होतं. मला त्या वेळी एकच हवं होतं, ते गप्प बसावं. पण फोन त्यांच्या हातात होता, आणि तो घ्यायला पुढे जायची मला मुभा नव्हती. नियम नसता तरी मी गेलो असतो का, माहीत नाही.

"चल, निघते," त्या शेवटी म्हणाल्या. "तो खोळंबलाय."

मग त्या परत फिरल्या. अ‍ॅप म्हणेल तसं चालल्या, म्हणेल तिथे वळल्या, गाडीत चढल्या, आमच्या स्टेशनला उतरल्या, कुठेही चुकल्या नाहीत. बाहेर उन्हात आल्यावर मी म्हणालो, "चाचणी संपली, आई."

"बोललात एकदाचे. चुकले का मी?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "मग झालं तर," म्हणाल्या, आणि घरापर्यंत बाजारात भाज्या कशा शिळ्या येतात त्याबद्दल बोलत राहिल्या.

चाचणीचं बोलणं आधी मौनी ऐकतो. मौनी म्हणजे आमचा प्रोग्रामर. मी कमी बोलतो म्हणतात, पण त्याच्यापुढे मी बडबड्या आहे. मी त्याला सांगितलं, "यातलं काही घरगुती आहे." त्याने मान हलवली, हेडफोन लावले आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी माझ्या टेबलाशी जाऊन उगाच एक जुनं वाक्य खोडत आणि पुन्हा लिहीत राहिलो.

बऱ्याच वेळाने त्याने हेडफोन काढले. डोळे पुसले नाहीत की काही नाही. मग म्हणाला, "आपलं अ‍ॅप मधे मधे बोलतं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "मी ऐकू?"

मी हो म्हणालो. त्यांनी ऐकलं. ऐकताना टेबलावरचं पेन त्यांनी हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. संपल्यावर ते खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पण खरंच हरवलेला असेल त्याला सांगायला तर हवं."

"एकदा सांगायचं," मौनी म्हणाला. "मग गप्प."

"आणि तो घाबरून उभा असेल तर? माणूस हरवलाय की नुसता थांबलाय, हे फोनला कसं कळणार?"

"नाही कळणार," मी म्हणालो. "मी मागे होतो, मलाही आधी कळलं नाही."

त्यावर बराच वेळ चर्चा झाली. मॅडमचं म्हणणं चूक नव्हतं. एखादी मुलगी, एखादा परगावचा माणूस, फोन गप्प झाला की आणखीच गोंधळेल. शेवटी ठरलं ते असं: मार्ग सुटला की एकदा सांगायचं. मग स्क्रीनवर एक मोठं बटण ठेवायचं, बोट कुठेही पडलं तरी लागेल असं. ते दाबलं की अ‍ॅप पुन्हा बोलेल, तोवर नाही. वाक्य अर्थात मी लिहायचं. बरेच कागद फाडले. शेवटी लिहिलं: 'तुम्ही मार्गाबाहेर आहात. हवं तेव्हा विचारा.'

मौनीने ते वाचलं. "दुसरं वाक्य जास्तीचं नाही का?"

"नाही," मी म्हणालो. त्याने वाद घातला नाही.

मेहुणा ठरल्या गुरुवारी माझ्याकडे आला. सासूबाई आपल्या घरून एकट्या निघाल्या होत्या. अ‍ॅपमध्ये सोय आहे, चालणाऱ्याने परवानगी दिली तर घरच्यांना तो कुठे आहे ते दिसतं, नकाशावर एक निळा ठिपका. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी माझा फोन मधे ठेवून बसलो. मी चहा विचारला, तो नको म्हणाला. ठिपका सरकत होता. मेहुण्याने सोबत मिठाईचा डबा आणला होता, तो पिशवीतच होता. आई पास झाली तर काढायचा की नाही, हे त्याचं अजून ठरलेलं नसावं.

ठिपका जंक्शनला पोचला. लिफ्टने वर आला. मग उजवीकडे गेला.

"चुकली," मेहुणा म्हणाला.

मी काही बोललो नाही. सवयीने.

ठिपका बोगद्याच्या टोकाला गेला आणि थांबला. मेहुणा बघत राहिला. थांबलेलाच होता. "भावोजी, ती उभी राहिली. फोन सांगत नाहीये का तिला? तुमचं अ‍ॅप बंद पडलंय."

"बंद नाही. त्याने एकदा सांगितलंय."

"आणि मग?"

"मग ते गप्प आहे."

"वा," तो म्हणाला आणि उठला. दाराशी जाऊन बूट घालायला लागला. "मी जातो. मला माहीतच होतं. तुम्हाला ती इथे हवी आहे, मला कळतं, पण म्हणून तिला असं वाऱ्यावर सोडायचं?"

"हरवल्या नाहीत त्या," मी म्हणालो. "थांबल्या आहेत. तुझी ताई तिथे उभी राहायची."

एक बूट पायात, एक हातात, असा तो थांबला. "कुठे?"

"त्या बोगद्यात गरम हवेची जाळी आहे. गुरुवारी ताई तिथे आईची वाट बघायची. हात शेकत." मी जरा थांबून म्हणालो, "मलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी पहारेकऱ्याने आईला उचलून नेलं, तेही तिथूनच."

तो तिथेच, चपला ठेवायच्या फळीवर बसला. खाली त्याच्या पायाशी बायकोच्या चपला होत्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि पाय जरा बाजूला घेतला.

"माझ्या पाठीत घालायची," तो म्हणाला. "गार हात. शाळेत जाताना, शर्टाच्या आत. मी बोंब मारायचो आणि मार मलाच बसायचा."

मी फोन उचलून त्याच्याजवळ नेला आणि शेजारी उभा राहिलो. ठिपका अजून तिथेच होता.

"किती वेळ थांबते?"

"त्यांचं बोलून होईपर्यंत."

त्याने फोन हातात घेतला. त्यावर त्याच्या आईचं नाव होतं, ते दाबलं की फोन लागला असता. त्याचा अंगठा नावाच्या वर होता. मला वाटलं, आता दाबणार. त्याने अंगठा बाजूला घेतला आणि फोन गुडघ्यावर ठेवला. आम्ही दोघं बघत राहिलो. बाहेर कोणीतरी जिना झाडत होतं, त्याचा आवाज येत होता.

ठिपका हलला. बोगद्यातून परत आला, डावीकडच्या फलाटाकडे गेला.

"निघाली," मेहुणा म्हणाला. बूट हातातच होता.

बेल वाजली तेव्हाही तो तिथेच बसलेला होता. मी दार उघडलं. सासूबाई आत आल्या, जरा दमलेल्या, फोन पदराखाली धरलेला. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग त्याच्या पायाकडे.

"एकाच पायात बूट? आलास की निघालास?"

"आलो," तो म्हणाला आणि पायातला बूटही काढला.

"मग सरक जरा. चपला कुठे काढू मी?"

तो सरकला. त्यांनी आपल्या चपला काढल्या, ठकूच्या चपलांच्या बाजूला ठेवल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, "गुरुवारी येईन मी. दर गुरुवारी. खोली पाहुण्यांना ठेव, रंग चांगला दिलायस म्हणे."

तो उठला. पिशवीतून मिठाईचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

स्वयंपाकघरातून डबे सरकवल्याचा आवाज आला. "जावईबापू," त्या आतून म्हणाल्या, "मीठ कुठे लपवून ठेवलंत? ठकू काय म्हणेल?"